सिक्लिड टँकच्या तळाला काय घालावं: आधी माशाचं तोंड बघा, मग पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात माशांचा चार फुटी टँक आहे, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. आत्ता त्यात निळी रंगीत खडी आहे आणि तिच्याखाली अंडरग्रॅव्हल फिल्टरची, म्हणजे खडीतूनच पाणी ओढून गाळणाऱ्या फिल्टरची प्लेट. आता त्यात आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे पीकॉक आणि थोडे इलेक्ट्रिक यलो, हे सिक्लिड कुळातले मासे ठेवायचेत. दुकानदार म्हणतो आफ्रिकन सिक्लिड म्हटलं की कोरल सँड, म्हणजे प्रवाळाची वाळूच लागते, मित्र म्हणतो बांधकामाची वाळू चाळून टाक, आणि अजून कुणीतरी सांगितलंय की तळ मोकळाच ठेव, साफसफाईला बरं पडतं. मग नक्की काय घालायचं?

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. साधी सिलिका वाळू घ्या, गोल दाण्याची, दाणा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक, रंग फिकट तपकिरी, थर तीन ते चार सेंमी. कोरल किंवा शिंपल्यांचा चुरा लागलाच तर तो तळाला नको, फिल्टरमध्ये पिशवीत. आणि लागतो की नाही हे नळाचं पाणी तपासल्यावर ठरवायचं, दुकानात उभं राहून नाही.

आता हे का, ते जरा सविस्तर, कारण सिक्लिडच्या बाबतीत तळ हा सजावटीचा विषय नाहीच. हे मासे तळातून खातात, तळात खड्डे करून पिल्लं ठेवतात, तळाच्या तुकड्यावरून एकमेकांशी भांडतात, रात्रंदिवस काही ना काही उकरत असतात. गोंधळ होतो तो असा की लोक एकाच वस्तूकडून दोन कामं करून घ्यायला बघतात, एक माशाच्या तोंडाचं काम आणि दुसरं पाण्याचा पीएच सांभाळायचं काम. मग पीएचसाठी म्हणून टोकदार कोरलचे तुकडे तळाला पडतात आणि मासा बिचारा त्यात तोंडच घालत नाही. ही दोन कामं वेगळी केली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पीकॉक खातो कसा ते एकदा खुर्ची ओढून टँकसमोर बसून बघा. भुकेला मासा वाळूपासून बोटभर उंचीवर जवळजवळ स्थिर थांबतो, डोकं किंचित खाली, छातीचे पर जेमतेम हलत असतात. तो नुसत्या डोळ्यांनी शोधत नसतो. त्याच्या खालच्या जबड्यावर आणि गालावर मोठी मोठी छिद्रं असतात, नीट बघितलं तर दिसतात, आणि वाळूत एखादी अळी वळवळली की पाण्यात जो बारीकसा हलका धक्का बसतो तो त्याला तिथून कळतो. कळला की थेट तोंड वाळूत खुपसतो, घास उचलतो, तोंडात घोळवतो, खायचं ते ठेवून घेतो आणि वाळू तोंडातून आणि कल्ल्यांमधून सोडून देतो. मलावी तलावात हे मासे खडक आणि वाळू जिथे भेटतात त्या भागात राहतात, त्यांचं अख्खं डोकंच या कामासाठी बनलेलं आहे. अशा माशाला पाच मिलिमीटरची निळी खडी दिली तर तो जगेल, पेलेट खाईल, रंगही धरेल, पण दिवसभराचं जे काम त्याला करायचं असतं ते त्याला कधीच करता येणार नाही, आणि रिकामा सिक्लिड म्हणजे दुसऱ्याच्या मागे लागणारा सिक्लिड हे ज्याने पाळलेत त्याला सांगायला नको.

मलावीचा ब्ल्यू डॉल्फिन, म्हणजे सर्टोकारा मूरी, तोही असाच वाळूवरचा मासा, तलावात तो मोठ्या उकरणाऱ्या माशांच्या मागे मागे फिरतो आणि त्यांनी उडवलेल्या वाळूतून निघालेलं टिपून खातो. मलावीचाच फोसोरोक्रोमिस तर घाबरला की सरळ वाळूत बुडी मारतो. त्याच्याखाली टोकदार खडी असली तर काय होईल विचार करा. काही जातींचे नर वाळूचे ढीग किंवा मोठे खड्डे करून मादीला बोलावतात, त्यांना बारीक वाळू मिळाली नाही तर ते वागणं तुम्हाला बघायलाच मिळणार नाही.

म्बुना, म्हणजे इलेक्ट्रिक यलो, रेड झेब्रा, डेमासोनी, ऑराटस ही मंडळी, ती खडकावरची. खडकांवरचं शेवाळ आणि त्यातले किडे खरवडून किंवा टिपून खाणारी. त्यांना वाळूची गरज पीकॉकइतकी नाही, बारीक गोल खडीवरही ती मजेत राहतात, पण उकरतात तीही, आणि खडकाच्या बुडाशी उकरतात, त्यामुळे दगड कसे ठेवायचे हा मुद्दा त्यांच्या बाबतीत महत्त्वाचा, तो पुढे सांगतो. तुम्हाला पीकॉक आणि यलो एकत्र ठेवायचेत, तेव्हा गरज ज्याची जास्त त्याच्या हिशोबाने तळ घ्यायचा, म्हणजे वाळूच.

बाकीचे सिक्लिड थोडक्यात सांगतो कारण हा प्रश्न उद्या दुसऱ्या माशासाठी येणारच. आफ्रिकेतल्याच टांगानिका तलावाचे शंखात राहणारे छोटे मासे, मल्टी आणि ओसेलॅटस, यांना वाळू जास्त खोल लागते, पाच सेंमी तरी, आणि बारीक. ओसेलॅटसची मादी शंखाच्या खालची वाळू तोंडाने काढून काढून शंख खाली बसवते, मग शेपटीने त्याच्यावर वाळू उडवते, शेवटी शंखाचं फक्त तोंड वर राहतं. तासन् तास चालतं हे काम आणि जाड दाण्यात ते होतच नाही. दक्षिण अमेरिकेचे जिओफेगस, हे तर डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत घालतात आणि कल्ल्यांतून वाळूची धार सोडत पुढे सरकतात, त्यांच्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा गोल दाणा, आणि चुना अजिबात नको कारण त्यातल्या बऱ्याच जातींना मऊ पाणी लागतं. एपिस्टोग्रामाचंही तेच. डिस्कस आणि एंजल तळाशी फारसे गुंतत नाहीत, तिथे पाणी महत्त्वाचं. ऑस्करला तोंडात जेमतेम मावेल अशी खडी कधीच देऊ नका, एक तर वाळू द्या नाहीतर तोंडात जाणारच नाहीत एवढे मोठे गोटे. फ्लॉवरहॉर्न बहुतेक लोक मोकळ्या तळावर ठेवतात, एकटाच मोठा मासा, भरपूर खातो, भरपूर घाण करतो, तिथे मोकळा तळ मला पटतो.

आणि आपल्या मातीतले सिक्लिड विसरू नका. भारतात तीन जाती आहेत, कोकण-गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात तो इट्रोप्लस सुराटेन्सिस, केरळात तो करीमीन आणि तिथला राज्यमासा, मग छोटा ऑरेंज क्रोमाइड, आणि कर्नाटकातला कॅनरा पर्लस्पॉट. ऑरेंज क्रोमाइडची जोडी पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना वाळूतल्या छोट्या खड्ड्यात ठेवते, मग तिथून उचलून दुसऱ्या खड्ड्यात नेते, हे बघायचं असेल तर त्यांनाही मऊ वाळूच लागते. खाडीकाठचा मासा असल्यामुळे त्याला शिंपल्याचे तुकडे असलेली वाळू चालते.

आता मोकळ्या तळाबद्दल. ब्रीडिंगच्या, पिल्लांच्या, आजारी माशांच्या टँकला मोकळा तळ उत्तम, मी स्वतः तसाच ठेवतो. पण मुख्य टँकमध्ये पीकॉक मोकळ्या काचेवर ठेवले की खालून काचेत प्रतिबिंब दिसत राहतं, नर त्याच्याशीच भांडत बसतो, रंग फिका पडतो. साफसफाई सोपी होते हे खरं. पण वाळूवरही घाण वरच राहते, खाली जात नाही, त्यामुळे ती काढायला वाटतं तितकं अवघड नाही.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून इथे थोडा थांबतो.

आफ्रिकन सिक्लिड म्हणजे खूप कडक पाणी, असं सगळेच सांगतात. मलावी तलावाचं पाणी बघितलं तर पीएच साधारण ७.८ ते ८.६, केएच ६ ते ८ आणि जीएच, म्हणजे पाण्याचा कडकपणा, जेमतेम ४ ते ६. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या हिशोबाने ते मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी मऊ आहे. त्या पाण्याची खरी ताकद केएचमध्ये आहे, म्हणजे आम्ल पचवायची जी क्षमता असते तिच्यात. टांगानिका वेगळा, तिथे पीएच ९ च्या जवळ आणि केएच १६ च्या वर. या दोघांना एकाच वाक्यात आफ्रिकन म्हणून तळाला घालायचं एकच सामान विकलं जातं ते चूक आहे.

टँकमध्ये पीएच खाली का येतो तेही समजून घ्या. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात आणि या कामात आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ढोबळमानाने सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता संपते. म्हणजे केएच रोज थोडा थोडा खाल्ला जातो. पाणी नियमित बदललं तर नव्या पाण्यातून तो परत येतो, नाही बदललं तर तो संपतो आणि संपल्यावर पीएच एकदम घसरतो, पार ६ च्या खाली गेला की बॅक्टेरियाही मंदावतात आणि मग अमोनिया वाढायला लागतो. सिक्लिडचा टँक भरलेला असतो, खाणं जास्त असतं, म्हणून हे इथे लवकर होतं.

कोरल किंवा शिंपला यात काय करतो? तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्ल आलं की विरघळतो, विरघळताना केएच आणि जीएच दोन्ही वाढवतो. पण पाणी ८ च्या आसपास पोचलं की त्याचं विरघळणं जवळजवळ थांबतं. त्यामुळे कितीही किलो घातलात तरी तो पाण्याला ९ ला नेणार नाही, टांगानिकावाल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. आणि पुण्या-मुंबईच्या मऊ धरणाच्या पाण्यालाही तो हळूहळूच वर आणतो, कारण तळाला पडलेल्या दाण्यांवर काही महिन्यांत बॅक्टेरियाचा चिकट थर बसतो, वरून घाण बसते, पाणी दाण्याजवळून वाहतच नाही. तोच चुरा अर्धा-एक किलो जाळीच्या पिशवीत घालून कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा संप (फिल्टरची वेगळी टाकी) यात ठेवला तर सगळं पाणी त्याच्यातून जातं, महिन्या-दीड महिन्याने पिशवी काढून टँकच्याच पाण्यात खळबळून परत ठेवली की काम चालू, आणि जास्त झालं असं वाटलं तर निम्मा काढून घेता येतो. तळाला घातलेलं चाळीस किलो कोरल कोण काढणार?

म्हणून वाळू विकत घ्यायच्या आधी केएचचं थेंबाचं टेस्ट किट आणा आणि नळाचं पाणी बघा. पीएच बघायचा तर भरल्या भरल्या नको, एक दिवस बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवल्यावर बघा, कारण ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पीएच खोटा दाखवतो. आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो एकूण क्षार सांगतो, केएच सांगत नाही. पुण्यात एक भानगड अजून आहे. खडकवासल्याचं पाणी येत असतं तोपर्यंत ते मऊ असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअर सुरू झालं की तेच नळाचं पाणी एकदम कडक होतं, त्यामुळे एकदाच तपासून वर्षभर निर्धास्त राहता येत नाही. बोअरचं पाणी असेल, केएच ८-१० असेल, पीएच ८ च्या जवळ असेल तर मलावीच्या माशांसाठी तुम्हाला कोरल, शिंपला, सोडा काहीही नको. देवाने फुकट दिलंय ते घ्या. फक्त बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते एकदा बघून घ्या.

केएच २-३ च निघाला तर फिल्टरमध्ये शिंपल्याची पिशवी, आणि पाणी बदलताना खायचा सोडा. प्रमाण असं आहे की १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण १ ने वाढतो. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता २०० लिटरच्या आसपास पाणी बसेल, म्हणजे ४ ने वाढवायचा तर २४ ग्रॅम, तेही एकदम नाही, तीन-चार दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून. मासे आत असताना पीएच धाडकन वर न्यायचा नसतो. त्यानंतर मात्र टँकच्या पूर्ण पाण्याला नाही तर जेवढं नवीन पाणी घालताय तेवढ्यालाच सोडा मोजायचा. खायचाच सोडा, धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नाही, ती वेगळी वस्तू आहे.

शिंपल्याच्या चुऱ्याबद्दल अजून एक. कोंबड्यांच्या खाद्यात घालायला जो शेल ग्रिट मिळतो तो पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि हे काम छान करतो. फक्त औषध किंवा व्हिटॅमिन न लावलेला साधा मागा आणि भरपूर धुवा. समुद्रावर फिरायला गेल्यावर प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचे नाहीत, आपल्याकडे खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा घरी ठेवून अडचणीत यायचं कारण नाही. किनाऱ्यावरची वाळूही उपसून आणू नका. कायद्याचा भाग आहेच, शिवाय त्यात काय काय मिसळलेलं असतं ते धुऊन कळत नाही.

आता मित्राची सूचना, बांधकामाची वाळू. आजकाल बांधकामावर जी मिळते ती बहुतेक क्रश सँड असते, म्हणजे आपला काळा बसाल्ट क्रशरमध्ये फोडलेला. रासायनिक बाजूने तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दाणा चिमटीत घेऊन बोटांवर चोळून बघा, कडा टोचतात. माशाने तोच दाणा दिवसातून शेकडो वेळा तोंडात घोळवायचा आहे आणि कल्ल्यांच्या नाजूक पात्यांवरून बाहेर सोडायचा आहे. शिवाय तिच्यात दगडाची पीठासारखी भुकटी इतकी असते की बादल्यांवर बादल्या धुतल्या तरी पाणी गढूळच. ती नकोच. खरी नदीची वाळू कुठून कायदेशीर मिळाली तर ती चांगली, दाणा झिजून गोल झालेला असतो, रंगही मलावीच्या तळाला शोभेल असा. आपल्या दख्खनच्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे पांढरे खडे असतात बऱ्याचदा, ते मलावीला चालतात, उलट थोडी मदतच, पण जिओफेगस किंवा डिस्कसला नको.

ते ओळखायचं कसं? वाळू एका वाटीत घ्या आणि आधी साध्या पाण्याने भिजवा, कारण कोरड्या वाळूवर काहीही ओतलं तरी दाण्यांमधली हवा बुडबुडे काढते आणि माणूस फसतो. पाणी काढून टाका, मग पांढरं व्हिनेगर ओता आणि वाटी कानाजवळ न्या. चुना असेल तर बारीक चरचर ऐकू येते आणि ठरावीक दाण्यांवरूनच बुडबुड्यांची माळ वर येत राहते. काहीच झालं नाही तर बहुतेक वाळू निष्क्रिय आहे, पण व्हिनेगर सौम्य असतं, काही दगड त्याला दाद देत नाहीत. खात्री करायची तर मूठभर धुतलेली वाळू बरणीत घालून आरओचं पाणी भरा आणि आठवडाभराने केएच आणि टीडीएस बघा, शेजारी नुसत्या त्याच पाण्याची दुसरी बरणी ठेवा. यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

मी सुचवतो ती सिलिका वाळू म्हणजे स्विमिंग पूलच्या आणि वॉटर फिल्टरच्या टाक्यांमध्ये भरतात ती. वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्यांकडे ५० किलोच्या गोणीत मिळते, आणि ॲक्वेरियमच्या दुकानात छोट्या पिशवीत तीच वाळू कितीतरी महाग पडते. आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तेव्हा ही काही परदेशी वस्तू नाही. मागताना ग्रेड सांगा, १६/३० म्हणजे दाणा साधारण ०.६ ते १.२ मिमी, पीकॉक, हॅप (म्हणजे वरच्या ब्ल्यू डॉल्फिनसारखे मासे), म्बुना सगळ्यांना चालतो आणि जड असल्यामुळे फिल्टरमध्ये उडत नाही. ३०/६० म्हणजे ०.२५ ते ०.६ मिमी, शंखवाल्या आणि जिओफेगससाठी तो घ्या. त्याहून बारीक, पिठीसाखरेसारखी वाळू घेऊ नका, माशांनी उडवली की थेट फिल्टरच्या इम्पेलरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या पात्यांत जाते आणि खाली घट्ट बसते. कोरडी सिलिका ओतताना तोंडावर मास्क बांधा आणि आधी पाणी शिंपडा, तिची धूळ फुप्फुसाला खरंच वाईट असते.

काही जण म्हणतात सिलिकामुळे तपकिरी शेवाळ येतं. क्वार्ट्झ पाण्यात नगण्य विरघळतो, ते तपकिरी शेवाळ कुठल्याही नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतंच, कोरल घातलं तरी येतं, आणि टँक मुरला की जातं.

रंगाचं सांगतो. पांढरीशुभ्र वाळू फोटोत छान दिसते पण वरच्या एलईडीचा उजेड खालून परत उसळतो आणि मासे तळाशी जुळवून घ्यायला स्वतःच फिके होतात, नर पीकॉकवर तर हा फरक डोळ्यांना दिसतो. काळ्या वाळूवर रंग गडद दिसतात, काहींना ते आवडतं, पण काळी वाळू घेताना एक सावधगिरी पाहिजेच पाहिजे, सँडब्लास्टिंगसाठी जी काळी चकचकीत कॉपर स्लॅग विकतात ती काचेसारखी धारदार असते आणि ती तांब्याच्या भट्टीतली मळी आहे, ती कुणी कितीही स्वस्त दिली तरी टँकमध्ये नको. काळ्या वाळूवर लोहचुंबक फिरवून बघा, दाणे चिकटले तर सोडून द्या, फिल्टरच्या मोटरलाही ती त्रास देते. फिकट तपकिरी सगळ्यात सुरक्षित, माशांचा रंग उठतो आणि घाणही लगेच डोळ्यांत भरत नाही. प्लँटेड टँकची सॉइल, म्हणजे पाणवनस्पतींसाठी मिळते ती माती, आफ्रिकन सिक्लिडला चुकूनही नाही, ती पाण्यातला केएच खाते, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं, आणि उकरून उकरून महिन्याभरात तिचा चिखल होतो.

किती लागेल ते सोपं आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले थर, सगळं सेंमीमध्ये, भागिले १०००, म्हणजे लिटर, आणि एका लिटरला दीड किलोच्या आसपास. तुमचा १२० गुणिले ४५ गुणिले ४, म्हणजे साडेएकवीस लिटर, तेहतीस-पस्तीस किलो. एक गोणी पुरून उरेल. जास्त जाड थर करायची हौस नको. सहा-सात सेंमीच्या खाली जिथे मासे उकरत नाहीत, विशेषतः दगडांच्या मागे, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, वाळू काळी पडते आणि ढवळली की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. चार सेंमी थर पीकॉक स्वतःच हलवत राहतात. थोड्या ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या तर त्या रात्री वाळू खालीवर करतात, काही मासे खातीलही त्यांना, चालायचंच.

दगड मात्र वाळूवर ठेवायचे नाहीत. हे मी ठणकावून सांगतो कारण यात टँक फुटलेत लोकांचे. मासा दगडाखालून वाळू काढतो, दगड कलतो आणि काचेवर पडतो, तेही मध्यरात्री. आधी काचेवर पातळ फोमची शीट किंवा प्लास्टिकची जाळी, तिच्यावर सगळ्यात मोठे दगड, हलवून हलत नाहीत ना ते बघा, मग त्यांच्या भोवतीने वाळू. बसाल्टचे साधे गोटे उत्तम, आपल्याकडे त्याची कमी नाही.

तुमची अंडरग्रॅव्हल प्लेट काढावी लागेल, वाळू तिच्या फटींत जाते आणि जिथे मासा प्लेटपर्यंत उकरतो तिथून सगळं पाणी शॉर्टकट मारतं, बाकीचा फिल्टर मेल्यातच जमा. पण एक लक्षात घ्या, आत्ता तुमचा बायोफिल्टर म्हणजे ती निळी खडीच आहे, सगळे बॅक्टेरिया तिच्यावर आहेत. ती आज काढून उद्या नवे मासे टाकले तर अमोनिया चढणारच. म्हणून आधी कॅनिस्टर किंवा मोठा हँग-ऑन, म्हणजे टँकच्या काठावर लटकवायचा फिल्टर लावा आणि जुन्या व्यवस्थेबरोबर तीन-चार आठवडे चालवा. मग खडी काढायच्या दिवशी आत काही मासे असतील तर ते टँकच्याच पाण्यात वेगळ्या टबमध्ये, एअरस्टोन लावून. प्लेटखाली जो गाळ साचलेला असतो तो उठला की सगळं पाणी काळं होतं, मासे आत ठेवून हे काम करू नका. खडीतली दोन-तीन ओंजळ न धुता जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत बांधून नव्या फिल्टरपाशी लटकवून ठेवा महिनाभर, बाकीची देऊन टाका. तिचा रंग उडायला लागला असेल, नखाने खरवडून बघा, पापुद्रा निघत असेल तर कुणाला देऊही नका.

वाळू धुवायची ती एका वेळी चार-पाच किलो, बादलीत, पाइपचं तोंड तळापर्यंत घालून हाताने ढवळत राहायचं आणि वरचं गढूळ पाणी ओतायचं. पूर्ण आरसपानी होईपर्यंत धुवायची गरज नाही, बादलीत हात घातल्यावर बोटं दिसायला लागली की पुरे. साबण अजिबात नाही. मोरीत धुऊ नका, पाइप तुंबला तर वाळू काढणं महाकठीण, गच्चीत किंवा अंगणात झाडांपाशी धुवा, पाणी झाडांना. ओली वाळू रिकाम्या टँकमध्ये पसरा, तिच्यावर एक ताट ठेवा आणि ताटावर हळू पाणी सोडा म्हणजे खड्डा पडत नाही. फिल्टर बंद ठेवून पाणी बसू द्या, चार-पाच तासांनी पुष्कळ निवळतं, मग फिल्टर चालू करा. जुना फिल्टर मीडिया तोपर्यंत टँकच्या पाण्यात बुडवून, हवा सोडून ठेवायला विसरू नका, नाहीतर एवढे आठवडे वाट बघून जमवलेले बॅक्टेरिया एका दुपारीत जातील. फिल्टरचं इनटेक वाळूपासून दहा-पंधरा सेंमी वर आणि त्याच्यावर स्पंज चढवा.

पुढे साफ करताना सायफनचं तोंड खडीत खुपसायची जी सवय लागलीये ती सोडा, वाळूच्या दोन-तीन सेंमी वर धरून गोल गोल फिरवा, घाण हलकी असते, ती उठून पाइपमध्ये जाते आणि वाळू खाली बसते. थोडी वाळू बादलीत येईलच, ती धुऊन परत टाका. केएच पहिला महिना दर आठवड्याला पाणी बदलायच्या आधी आणि नंतर असा दोन्ही वेळा बघा आणि लिहून ठेवा, दोन्हींतला फरक एक-दीडपेक्षा जास्त येत असेल तर पाणी बदलायचं प्रमाण वाढवा किंवा शिंपल्याची पिशवी थोडी मोठी करा. आकडा स्थिर राहायला लागला आणि अमोनिया-नायट्राइट शून्य दिसले की मग पीकॉक आणि यलो आणा. एकदम सगळे आणू नका. आधी यलो, मग दोन आठवड्यांनी पीकॉक, म्हणजे नव्या फिल्टरवर एकदम भार येत नाही.